तेरावा थांबा

"माताजी, आगे मॅप में रास्ता नहीं है," असं म्हणून कॅबवाल्याने रजवाह्याच्या पुलावर गाडी उभी केली.

रजवाहा म्हणजे मोठ्या कालव्यातून काढलेला पाट. पाणी जेमतेम गुडघाभर, पण गावची हद्द त्याच्यावरून ठरते. अलीकडे बिल्डरांच्या पाट्या, पलीकडे नगला धीरा. सरलाबाई उतरल्या. मागे वळून पाहिलं तर नोव्हेंबरच्या धुरकट उजेडात सोळा-सोळा मजल्यांचे टॉवर पुसट उभे होते. समोर नुकत्याच कापलेल्या भाताची धसकटं, त्यापुढे उसाचा एक पट्टा आणि त्याच्याही पुढे निळ्या पत्र्याचं एक बुटकं छप्पर. छपरावर लाकडी क्रूस, थोडा डावीकडे कललेला.

हा क्रूस सरलाबाईंच्या नवऱ्याने, विश्वासरावांनी, कधी सरळ करू दिला नव्हता. "गावाकडे कान देतोय तो," असं ते म्हणायचे. आपल्या पदांच्या वहीत त्यांनी तसं लिहिलंही होतं. पहिला थांबा, पहिलं पद.

वही सरलाबाईंच्या खांद्यावरच्या झोळीत होती. तिच्यावर चिवड्याचा डबा ठेवलेला होता. झोळी विश्वासरावांचीच, रविवारची. गावातल्या डॅनियलने फोनवर दोनदा विचारलं होतं, "वो कापी मिली क्या, जी?" आणि दोन्ही वेळा त्या म्हणाल्या होत्या, "देखती हूँ."

वही पहिल्याच आठवड्यात सापडली होती. विश्वासराव फेब्रुवारीत गेले आणि तेव्हापासून नऊ महिने सरलाबाई ती रोज वाचत होत्या. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर हिंदी. बारा थांब्यांची बारा पदं त्यांना तोंडपाठ झाली होती. ती कोणाला द्यायची नाहीत, हेही ठरलं होतं. तेवीस वर्षांचे रविवार या गावाने घेतले होते. उरलेली एक वही तरी आपल्याकडे राहू दे, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. ते त्यांनी देवालाही सांगितलं होतं, आणि देव त्यावर काही बोलला नव्हता.

फोन वाजला. सून सलोनी, अंकुरची बायको.

"आई, पोचलात? लोकेशन शेअर करा ना."

"मॅप संपला इथे."

"म्हणजे?"

"म्हणजे पोचले."

"अच्छा, ऐका ना, बाबांची ती वाजवायची गोल प्लेट असते ना, ती मिळाली तर घेऊन या. अंकुर म्हणतोय, फ्रेम करून लावू."

"झांज म्हणतात तिला."

"हां, झांज. बिल्कुल विसरते मी."

*

हे सगळं सुरू झालं ते आर. के. पुरमच्या ऑफिसात. विश्वास हिवाळे तेव्हा असिस्टंट होते आणि डॅनियल सिंह त्यांच्या सेक्शनचा शिपाई. डॅनियलच्या गावात चाळीसेक मसीही घरं, पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा यायचे. एका वर्षी हंगामाच्या सणाला पाद्री आजारी पडले आणि डॅनियलने विचारलं, "बाबूजी, आप चलोगे? दो शब्द बोल देना."

दोनच शब्द बोलून थांबणं विश्वासरावांच्या रक्तातच नव्हतं. त्यांचे वडील नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमधून कीर्तनं करत हिंडलेले. खांद्यावर उपरणं, हातात झांज, शेजारी पेटीवाला. बोलता बोलता माणूस गायला लागतो, गाता गाता बोलायला लागतो, आणि उधळ्या पुत्राचा बाप रस्त्यावर डोळे लावून उभा आहे हे ऐकणाऱ्या बाईला आपल्याच अंगणात दिसतं. ज्याने असं कीर्तन ऐकलं आहे त्याला नुसतं प्रवचन अळणी लागतं. विश्वासरावांनी त्या दिवशी नगल्यात कीर्तनातली पहिली साकी म्हटली. भाषा हिंदी, चाल आपली. म्हशी हाकायला निघालेली माणसं थांबली म्हणे.

त्या रात्री ते घरी आले ते घोट्यापर्यंत शेणमातीने भरलेले. केसांत भुसा, सदऱ्यावर गुळाचे डाग आणि डोळ्यांत असा उजेड की जो सरलाबाईंनी लग्नातही पाहिला नव्हता. त्या बारा तासांची ड्यूटी करून आल्या होत्या. सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, सर्जिकल वॉर्ड. त्या काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते आता आठवत नव्हतं. बोलल्या एवढं नक्की.

त्यानंतर दर रविवारी ते गेले. सरलाबाई दोनदाच गेल्या. एकदा पाय मुरगळला, एकदा बाथरूमवरून पंचाईत झाली. मग रविवारची ड्यूटी मागून घेऊ लागल्या. मराठी मंडळीच्या उपासनेला एकट्या जायच्या तेव्हा बायका विचारायच्या, "साहेब?" आणि त्या म्हणायच्या, "गावाला." जणू गाव म्हणजे माहेर, आणि गेलंय कोण, तर नवरा.

आणखी एक गोष्ट होती. पहिल्या दिवसानंतर विश्वासराव नगल्याहून कधीच मळलेले परतले नाहीत. बूट चकचकीत, भांग सरळ, लग्नाहून आल्यासारखे. झोळीत एक कंगवा आणि पिवळ्या फडक्याचा तुकडा कायम असायचा. घरून निघताना ते केसांना हातही लावत नसत. साठीच्या माणसाला एवढ्या लांब खेड्यात जाऊन भांग कोणासाठी पाडायचा असतो?

दिवाळीच्या आवराआवरीत तो कंगवा सलोनीच्या हाती लागला. "आई, बाबा चर्चला जाताना कंघी न्यायचे? सो क्यूट यार."

"क्यूटच," सरलाबाई म्हणाल्या होत्या.

*

घंटेच्या जागी कडुलिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता. डॅनियल त्यावर लोखंडी बोल्ट आपटत होता. सरलाबाई दिसताच तो तसाच धावत आला. आता त्याचे सगळे दात गेले होते.

"आ गईं जी। अरे सुनो, बाबूजी के घर से आई हैं।"

घर से. इथल्या बोलीत बायकोला असंच म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. तरी टोचलं. तेवीस वर्षांत या माणसांना आपलं नाव कळलेलं नाही. नवऱ्याने सांगितलंच नसेल. घरी तरी कुठे ते नाव घ्यायचे? "अगं" म्हणायचे, फार तर "ऐकलंस का".

पायऱ्यांवर एक बाई उभी होती. पंचावन्नची असेल. सावळी, सडसडीत, पदर कपाळापर्यंत. हातात झांज. पितळ इतकं घासलेलं की त्यात आकाश दिसावं.

"बिरमो," डॅनियल म्हणाला. "झांझ यही सँभालती है।"

बिरमो. नववं पद. सरलाबाईंनी ते वहीत इतक्यांदा वाचलं होतं की पान तिथे आपोआप उघडायचं:

बिरमोच्या अंगणी तीन पायांची बाज,
चौथा पाय देव स्वतः, टेकू झाला आज.

सरलाबाईंच्या घरी चार पायांचा दिवाण होता, सोफा होता, डायनिंग टेबल होतं. त्यांच्यावर एक ओळ नव्हती.

"नमस्ते जीजी," बिरमो म्हणाली. "कापी लाई हो?"

"चिवडा लाई हूँ," सरलाबाई म्हणाल्या आणि डबा पुढे केला. वहीवर झाकायला आता काही नसल्यामुळे त्यांनी झोळीचं तोंड मुठीत धरलं.

*

हंगामाच्या सणाची नगल्याची रीत अशी. उपासना झाली की सगळी मंडळी गावाच्या हद्दीवरून चालत निघते. ठरलेल्या जागी थांबायचं, त्या जागेचं पद म्हणायचं, आभार मानायचे, पुढे निघायचं. पदं विश्वासरावांनी एकेक करून वीस वर्षांत बांधली होती. पाद्रीसाहेबांच्या रजिस्टरात पॅरिशची हद्द दोन ओळींत लिहिलेली होती, पण नगल्याची माणसं ती गाऊन सांगत.

निघाले. पुढे बिरमो, मागे चाळीस-पन्नास माणसं, म्हाताऱ्या काठ्या टेकत. सरलाबाई कडेकडेने चालत होत्या आणि प्रत्येक वळणावर मनात आधीच ओळखत होत्या, आता हे येणार. आता जोहड आलं, गावतळं. अर्धं प्लास्टिकने भरलेलं, अर्ध्यात म्हशी. बिरमोने झांज वाजवली आणि हिंदीत पद उचललं. सरलाबाईंच्या डोक्यात डावं पान उघडलं:

जोहडात म्हशी बसल्या, अर्ध्या बुडलेल्या,
तशा आमच्या प्रार्थना, ओठांशी अडलेल्या.

बिरमोचा आवाज जाड होता, किंचित फाटका. पण शेवटच्या अक्षरावर तो थोडा खाली घसरून पुन्हा वर येई, आणि ती लकब विश्वासरावांची होती. अगदी त्यांचीच. ही लकब सरलाबाईंनी बाथरूमच्या दारामागून ऐकली होती, कधीमधी, नळ चालू असताना. या बाईला ती समोरासमोर मिळाली होती, दर रविवारी, एक फुटावरून.

हातपंप झाला. बंद पडलेल्या वीटभट्टीची चिमणी झाली. एका भिंतीपाशी डॅनियल म्हणाला, "जी, यहाँ से हमारे खेत थे। सड़क में चले गए।" भिंतीपलीकडून एक्सप्रेसवेच्या गाड्यांचा सूं सूं आवाज येत होता. पद मात्र शेताचंच होतं, आणि सगळे भिंतीकडे तोंड करून ते म्हणत होते. भिंतीपलीकडच्या जमिनीला ऐकू जावं इतपत मोठ्याने.

सातवा थांबा गुऱ्हाळ. चुलाणावर काहील चढलेली होती, रस उकळून पिवळा झाला होता, वाफेने सगळ्यांचे चेहरे ओले झाले. बिरमोने झांज एकदा वाजवली. पुन्हा वाजवली. पद आलं नाही.

"भूल गई?" कोणीतरी म्हणालं.

"रुको। आएगा।"

आलं नाही. एका म्हातारीने एक शब्द सुचवला, दुसऱ्याने वेगळाच. डॅनियल हळूच सरलाबाईंच्या झोळीकडे पाहू लागला. मग बाकीचेही पाहू लागले. कोणी काही मागितलं नाही. चुलाणात चिपाडं तडतडत होती.

पद सरलाबाईंच्या जिभेवर होतं.

गुऱ्हाळाची काहील बाई, ढवळत ठेवावी लागते,
हात थांबता तळाशी करपते, मनही तसेच वागते.

त्यांनी झोळीचं तोंड पुन्हा मुठीत धरलं. विसरू दे, त्यांच्या मनात आलं. एक तरी विसरू दे. एक पद असं असू दे की जे फक्त माझ्याकडे आहे.

बिरमोने त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग ती म्हणाली, "चलो। आज गुड़ का मन नहीं है।" माणसं हसली. पद न म्हणताच मंडळी पुढे निघाली, आणि सरलाबाईंना वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही.

*

बिरमोच्या अंगणात बाज खरंच होती. तीन पाय, चौथ्याच्या जागी विटांची चवड. सरलाबाईंनी ती नर्सच्या नजरेने पाहिली. सुंभ नवा, वर धुतलेली चादर.

"इथे बसायचे?" तोंडून मराठीच निघालं. मग हिंदीत विचारलं.

"बाबूजी? कहाँ जी।" बिरमोने नाक मुरडलं. "एक दिन नहीं बैठे। कहते थे, धूल लग जाएगी, घर पे डाँट पड़ेगी।"

बायका खुदकन हसल्या. सरलाबाई हसल्या नाहीत. "मी कधी रागावले?" असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी आठवून पाहिलं. काहीतरी होतं, पण हाताला लागेना.

कब्रस्तान झालं, तिथे बिरमोचा नवरा होता. ट्रान्सफॉर्मरपाशी बारावं पद झालं. विजेवर पद बांधणारा कीर्तनकार नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आता उरला शेवटचा थांबा. वहीत त्याला पान होतं. वर नीट अक्षरात "तेरावा थांबा", खाली रेघ आणि त्याखाली काहीच नाही. डावं पान कोरं, उजवंही कोरं. बांधायचं राहून गेलं असणार, असं त्या नऊ महिने समजत होत्या.

माणसं एक्सप्रेसवेच्या कडेच्या रस्त्यावर आली. तिथे एक वाकलेला लोखंडी खांब होता आणि त्यावर रंग उडालेली पाटी. बस थांबते ती जागा. शेड नाही, बाक नाही. ट्रक गेला की धुळीची एक भिंत उठायची आणि हळूहळू खाली बसायची.

सगळे खांबापाशी गोळा झाले. बिरमोने झांज छातीशी धरली.

मग सरलाबाईंनी पाहिलं ते असं. आधी डॅनियल वाकला. खिशातून फडकं काढून त्याने आपले कॅनव्हासचे बूट पुसायला घेतले, आधी उजवा, मग डावा. त्याच्यामागे बाकीचे. बायकांनी पदराच्या टोकाने पाय पुसले. म्हाताऱ्यांनी काठ्या काखेत धरून चपला झटकल्या. लहान पोरींनी एकमेकींच्या सँडल पुसल्या. मग सगळ्यांनी केसांवरून हात फिरवले. पन्नास माणसं, रस्त्याच्या कडेला, काही न बोलता, उपासनेत असावीत तशी गंभीर. शेजारून गाड्या जात होत्या.

"ये क्या है?" सरलाबाईंनी हळूच विचारलं.

"तेरहवाँ," डॅनियल कुजबुजला. "यहाँ पद नहीं है, जी। यहाँ यही होता है।"

"किसलिए?"

"बाबूजी हर इतवार करते थे। बस से पहले।" त्याने फडकं खिशात कोंबलं. "पादरी साहब कहते हैं, बाइबल में धूल झाड़ना गुस्से की निशानी है। हमने कहा, होगी। हमारे यहाँ त्योहार है।"

सरलाबाई बिरमोकडे वळल्या. बिरमोने झांज खाली ठेवली आणि हातांनीच करून दाखवलं. झोळी इथे ठेवायचे, या दगडावर. पिवळं फडकं. उजवा बूट, डावा बूट. मग सदरा झटकायचे, मागून मी झटकायची. मग कंगवा.

"फिर मेरी तरफ मुँह करके पूछते, ठीक है? शीशा तो है नहीं यहाँ। मैं कहती, ठीक है। कभी कहती, बाबूजी, कान के पीछे भूसा है।"

"और फिर?"

"फिर कुछ नहीं। बस आने तक बोलते नहीं थे। सड़क देखते रहते। हम बुलाते, तो कहते, अब घर।"

एक ट्रक गेला. धूळ उठली, आणि त्या धुळीत सरलाबाईंना स्वतःचा आवाज ऐकू आला. तेवीस वर्षांपूर्वीचा, बारा तासांच्या ड्यूटीनंतरचा, दारात उभा राहून अडवणारा: "त्या गावची धूळ घेऊन माझ्या घरात यायचं नाही." हेच म्हटलं होतं. एवढंच. पुन्हा कधी म्हणावंच लागलं नव्हतं.

त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. डॅनियलने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. थोड्या वेळाने त्यांनी झोळी दगडावर ठेवली. आतून वही काढली, सातवं पद असलेलं पान उघडलं आणि वही तशीच बिरमोच्या हातात दिली.

"गुड़वाला," त्या म्हणाल्या. "मुझे आता था।"

"पता था, जीजी," बिरमो वहीकडे न पाहता म्हणाली. "आपके होंठ हिल रहे थे।"

बिरमोला अक्षरओळख नव्हती. तिने वही पलीकडच्या मुलीला दिली आणि झांज उचलून सरलाबाईंपुढे धरली. "ये आपकी है।"

पितळेत सरलाबाईंचा चेहरा दिसत होता, वाकडा, धुळीने भरलेला. क्षणभर हात पुढे झालाही. अंकुरची भिंत डोळ्यांपुढे आली, फ्रेम आली, फ्रेमच्या काचेमागे कधी न वाजणारं पितळ आलं.

"अगले इतवार लगेगी ना?"

"लगेगी।"

"तो रखो।"

दूरवर बस दिसली. सरलाबाईंनी झोळीतून पिवळं फडकं काढलं. गुडघे वाकत नव्हते, म्हणून त्यांनी दगडावर पाय ठेवून चप्पल पुसली. आधी उजवी, मग डावी. मग कंगवा काढला. त्याच्या दातांत एक पांढरा केस अजून अडकलेला होता. तो त्यांनी काढला नाही. कपाळावरचे केस मागे घेतले, भांग सारखा केला आणि बिरमोकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"ठीक है?"

बिरमोने नीट पाहिलं. पुढे होऊन त्यांच्या कानामागून काहीतरी काढून टाकलं.

"ठीक है, जीजी।"

बस थांबली. खिडकीतून सरलाबाईंनी मागे पाहिलं तेव्हा मंडळी गावाकडे वळली होती. पुढे बिरमो, झांज काखेत, आणि तिच्यामागे ती सगळी पुसलेली पावलं कच्च्या रस्त्याला लागत होती. चर्चपर्यंत जाईतो त्यांना पुन्हा धूळ लागणार होती.